चषकाचा मान आणि श्रमाचे मोल

२१ सप्टेंबर २०२२ रोजी ढाका शहरातील रस्त्यांवरून एक उघडी बस जात होती. दोन दिवसांपूर्वी काठमांडूच्या दशरथ क्रीडांगणावर यजमान नेपाळचा ३-१ असा पराभव करून दक्षिण आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेचा चषक जिंकणाऱ्या बांगलादेशच्या मुली त्या बसमध्ये उभ्या होत्या आणि रस्त्याच्या दुतर्फा हजारो नागरिक त्यांचे स्वागत करीत होते. २०१० साली कॉक्सबझार येथे ही स्पर्धा सुरू झाल्यापासून २०१९ पर्यंतचे पाचही चषक भारताने जिंकले होते. या वेळी मात्र बांगलादेशने भारताला साखळी सामन्यात ३-० असे नमविले आणि उपान्त्य फेरीत नेपाळने त्याला घरी पाठविले. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याला २-१ असे हरवून बांगलादेशने चषक आपल्याकडेच राखला.

या पराभवाची चर्चा भारतात झाली ती प्रामुख्याने प्रशिक्षक, डावपेच आणि महासंघातील भांडणे यांच्या अनुषंगाने. ती चर्चा अनाठायी नव्हती. परंतु मूळ प्रश्न निराळाच आहे. आकाराने, साधनसामग्रीने आणि पैशाने भारताहून कितीतरी लहान असलेल्या देशाने ही मजल कशी गाठली?

त्याचे उत्तर ढाक्यात सापडत नाही. ते मैमनसिंह जिल्ह्यात, मेघालयाच्या सीमेला लागून असलेल्या कलसिंदूर नावाच्या खेड्यात सापडते. २०१० नंतरच्या काही वर्षांत बांगलादेश सरकारने प्राथमिक शाळांतील मुलींसाठी देशव्यापी फुटबॉल स्पर्धा सुरू केली आणि हजारो शाळांचे संघ तीत उतरू लागले. कलसिंदूरच्या सरकारी प्राथमिक शाळेतील शिक्षकांनी ही संधी मनावर घेतली. मुलींचे पालक बहुतांशी शेतमजूर, छोटे शेतकरी आणि हातावर पोट असलेले कष्टकरी. त्यांच्या दारोदार जाऊन शिक्षकांनी परवानगी मिळविली. २०२२ च्या विजयी संघातील आठ मुली या एकाच खेड्यातल्या होत्या.

संघाची उर्वरित नावे वाचली तरी बरेच काही ध्यानात येते. कर्णधार साबिना खातून सातखिऱ्याची. अंतिम सामन्यात दोन गोल करणारी कृष्णाराणी सरकार टांगाईल जिल्ह्यातील हिंदू कुटुंबातली. मारिया मांडा गारो आदिवासी. गोलरक्षक रूपना चाकमा आणि २०२४ चा निर्णायक गोल करणारी ऋतुपर्णा चाकमा या रांगामाटीच्या डोंगराळ मुलखातल्या. धर्म, भाषा आणि जमात यांच्या भिंती ज्या उपखंडात रोज नव्याने बांधल्या जातात, तेथे या मुलींनी एक संघ उभा केला, आणि त्यासाठी कोणाला ऐक्यावर प्रवचन द्यावे लागले नाही. एका मैदानावर, एकाच ध्येयासाठी घाम गाळण्याची संधी त्यांना मिळाली, एवढेच.

परंतु या कथेचा दुसरा अंक अधिक महत्त्वाचा आहे. मिरवणूक संपली आणि अवघ्या काही महिन्यांत, २०२३ च्या वसंतात, ऑलिंपिक पात्रता सामन्यांसाठी या विजेत्या संघाला म्यानमारला पाठविण्यास पैसे नाहीत, असे तेथील फुटबॉल महासंघाने जाहीर केले. संघ गेलाच नाही. वेतन थकल्याच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या. २०२२ च्या विजयानंतर रूपनाच्या मोडक्या घराचे छायाचित्र वृत्तपत्रांतून झळकले, तेव्हा पंतप्रधानांनी तिला घर बांधून देण्याचा आदेश दिला. घर मिळाले हे चांगलेच झाले. पण चषक जिंकल्यावर मिळते ते बक्षीस आणि चषक जिंको वा न जिंको, मिळायलाच हवे ते वेतन, यांत दानधर्म आणि हक्क यांच्यातले अंतर आहे. ज्या मुलीचे छायाचित्र छापून आले नाही, तिच्या घराचे काय, हा प्रश्न दानधर्माच्या व्यवस्थेत कोणी विचारीत नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर खेळाडू घडविण्याचा खर्च गरीब आई-बापांनी, प्राथमिक शिक्षकांनी आणि सार्वजनिक शाळांनी सोसला. श्रेय, अनुदाने आणि परदेशदौरे मात्र वरच्या संस्थांनी घेतले. उत्पादन सामाजिक आणि लाभ खासगी, हा जुनाच हिशेब क्रीडांगणावरही चालू आहे. जानेवारी २०२५ मध्ये संघातील अठरा मुलींनी प्रशिक्षकाच्या वागणुकीविरुद्ध सरावावर बहिष्कार पुकारला, तेव्हा त्यांच्यावर बेशिस्तीचा शिक्का मारण्यात अनेकांनी तत्परता दाखविली. प्रशिक्षकाची बाजूही असू शकेल. तिची चौकशी व्हावी. परंतु गिरणीतला कामगार काम थांबवतो तेव्हा जे शब्द वापरले जातात, तेच शब्द येथेही वापरले गेले, हा योगायोग नव्हे. करार, सुनावणी आणि संघटना यांपैकी काहीच ज्याच्या हाती नसते, त्याला काम थांबविण्याखेरीज मार्ग उरत नाही.

त्याच महिन्यात जयपूरहाट जिल्ह्यात मुलींचा सामना होऊ नये म्हणून जमावाने मैदानाभोवतीचे कुंपण मोडले आणि सामना रद्द करावा लागला. पुढच्याच महिन्यात संघाला एकुशे पदक हा राष्ट्रीय सन्मान मिळाला. एका हाताने गौरव आणि दुसऱ्या हाताने मज्जाव, हा अनुभव स्त्रियांच्या फुटबॉलला नवा नाही. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टन येथील कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या संघाचा सामना पाहण्यास ५३,००० प्रेक्षक जमले होते. १९२१ साली खाणमालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा स्त्रियांच्या संघांनी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी सामने खेळून निधी जमविला. त्याच वर्षी ५ डिसेंबर रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचे ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. मैदानातील दार उघडलेले दिसते, म्हणून ते कायमचे उघडले असे समजू नये, याचा सर्वांत कटू दाखला अफगाणिस्तान आहे. २०१० च्या पहिल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत अफगाण मुलींचाही संघ होता. २०२१ मध्ये तालिबान पुन्हा सत्तेवर आल्यावर त्या खेळाडूंना देश सोडून पळावे लागले.

आणि महाराष्ट्र? २०२२ च्या जानेवारी-फेब्रुवारीत नवी मुंबई, मुंबई आणि पुणे येथे महिलांची आशियाई चषक स्पर्धा झाली. भारतीय संघ इराणशी गोलशून्य बरोबरीत सुटला आणि पुढच्याच सामन्यापूर्वी कोरोनाच्या संसर्गामुळे संघ उभा करणे अशक्य होऊन स्पर्धेबाहेर गेला. त्याच वर्षी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे सामने नवी मुंबईत आणि गोव्यात मडगावला झाले. हिरवळ उत्तम होती, दिवे लख्ख होते. परंतु त्या दिव्यांचा उजेड ज्या शाळांना खेळण्यासाठी पुरेसे मैदान नाही आणि मुलींसाठी धड स्वच्छतागृह नाही, अशा शाळांपर्यंत पोहोचला काय? भव्य स्पर्धा भरविणे आणि खेळाडू घडविणे ही दोन निराळी कामे आहेत. पहिल्याला कंत्राटदार लागतो, दुसऱ्याला शिक्षक.

गरीब देशाने खेळावर पैसा का खर्चावा, असा प्रश्न चळवळीतीलही काही मंडळी विचारतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की बांगलादेशात सुमारे निम्म्या मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत होत आली आहेत. अशा समाजात दहा वर्षांची मुलगी अर्धी विजार घालून गावासमोर धावते, तेव्हा ती आपल्या देहावरचा आणि आपल्या वेळेवरचा स्वतःचा हक्क सांगत असते. फुटबॉलने बालविवाह थांबतात असा दावा कोणी करू नये. परंतु शाळेत टिकण्याचे एक जादा कारण मुलीला मिळते, आणि लग्न पुढे ढकलण्याचे एक जादा कारण बापाला मिळते, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय क्रीडा-पानावर सोडून देऊ नये. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला मैदान, ते बळकावू पाहणाऱ्यांविरुद्ध लढा, मुलींच्या आंतरशालेय स्पर्धांना अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद आणि देशासाठी खेळणाऱ्या प्रत्येक मुलीला लेखी करार व वेळेवर वेतन, या मागण्या रेशन आणि रोजगार हमीच्या मागण्यांशेजारीच मांडावयास हव्यात. जुलै २०२५ मध्ये म्यानमारला २-१ असे हरवून बांगलादेशच्या मुलींनी प्रथमच आशियाई चषक स्पर्धेत प्रवेश मिळविला. दोन्ही गोल ऋतुपर्णाचे होते, आणि बहिष्कार पुकारणाऱ्या अठरा जणींत तीही होती. आपला हक्क मागणारी मुलगी देशासाठी खेळत नाही, असे यापुढे कोणी म्हणू नये.