सहानुभूती कुणाच्या वाट्याला येते?

कासारवाडी स्टेशनजवळच्या आमच्या वाचन-बैठकीत गेल्या रविवारी एका पोराने स्वतः लिहिलेली अद्भुतकथा वाचली. पोरगा भोसरी एमआयडीसीत कंत्राटावर आहे. त्याच्या कथेचा नायक आपल्याच वस्तीतला. मंतरलेला मणी हाती लागताच तो खोटं बोलतो, मित्राला फसवतो, सूड घेतो. वाचन संपलं आणि सल्ला आला, "नायक जरा चांगला कर. अशा माणसाबद्दल सहानुभूती कशी वाटणार?"

माझा सवाल आहे, मग 'तुंबाड'मधल्या विनायकबद्दल कशी वाटली?

राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये पुन्हा थिएटरात लागला. विनायक लोभी आहे. सावकाराला तो मरणाच्या सापळ्यात पाठवतो, पोटच्या पोरालाही तीच विद्या शिकवतो. त्याचा एक सद्गुण सांगा! तरीही तो हस्तरपुढे उतरतो तेव्हा आपण श्वास रोखतो. कारण सिनेमाने आधी त्याचं बालपण दाखवलेलं असतं. सोन्याच्या एका नाण्याच्या आशेवर म्हाताऱ्या सरकारची सेवा करणारी आई आणि वाड्यात हक्क नसलेला मुलगा आपण पाहिलेला असतो. म्हणजे सहानुभूती सद्गुणांतून येत नाही. माणसाला काय नाकारलं गेलं, हे कळलं की ती येते.

आता हस्तरकडे पाहा. त्याने सोनं घेतलं तोवर चाललं. धान्याला हात घातला तेव्हा सगळे देव तुटून पडले. त्याची पूजा होणार नाही, नाव उरणार नाही, अशी शिक्षा झाली. सोन्यामागे धावणारा शोकनायक आणि धान्य मागणारा राक्षस! हा भेद आपल्यापैकी किती जणांना खटकला?

बाबूराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला नायक जात लपवून राहतो, म्हणजे खोटंच जगतो. पण ते खोटं त्याच्यावर कुणी लादलं, हे बागूल दाखवतात.

कुणी म्हणेल, हे तर गुन्ह्याचं समर्थन झालं. नाही. सहानुभूती म्हणजे माफी नव्हे. 'तुंबाड'मध्येही शेवटी मुलगा बापाचा वारसा नाकारतोच. पण वाड्यातल्या माणसाला वाईट असूनही माणूस राहण्याची मुभा आणि वस्तीतल्या माणसाला आधी चारित्र्याचा दाखला आणायची सक्ती, हा न्याय आम्हाला मान्य नाही. आणि हा दाखला आपलेच लोक मागू लागलेत, हे जास्त लागतं.

म्हणून त्या पोराला सांगणं एवढंच: नायकाला सज्जन करू नकोस. तुझ्या कथेत त्याचा सूड आहे, त्याची भूक अजून आलेली नाही. ती लिही.

जय भीम!