परतणाऱ्या पदवीधरास हात द्या

परदेशी शिक्षणास मदत करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जमशेटजी टाटा यांनी 1892 साली स्थापिलेला निधी आजही त्यासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. परंतु पाठवणीइतकी आस्था परतणाऱ्याविषयी दिसत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये अमेरिकेस गेले. 1917 मध्ये ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा अस्पृश्यतेपायी त्यांना राहावयास जागाही मिळेना. सरकारने पैसा दिला. समाजाने दार लावून घेतले.

स्वातंत्र्यानंतर, 1958 मध्ये, परतलेल्या शास्त्रज्ञांना कायम नोकरी मिळेपर्यंत तात्पुरते काम देण्याची योजना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने सुरू केली. कृषिपदवीधराचे मात्र केवळ वेतनाने भागत नाही. त्याच्या विद्येची पारख बांधावरच होते. तिकडची मोठी, सलग शेते आणि आपली कोरडवाहू, तुकड्यांची जमीन यांचा मेळ प्रयोगाविना बसत नाही.

म्हणून माझे मत असे की, शिष्यवृत्ती देणाऱ्या व उद्योगक्षेत्रातील संस्थांनी पदवीधर परतल्यावरही दोन वर्षे त्यास साहाय्य द्यावे व एखाद्या तालुक्याशी जोडून द्यावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यास तेथील माती-पाण्याची ओळख करून द्यावी. शेतकरी बंधूंनी चार-पाच गुंठे प्रयोगास द्यावेत. शेजारीच नेहमीची लागवड ठेवावी, म्हणजे फरक डोळ्यांनी दिसेल. नुकसान झाल्यास भरपाई संस्थेने करावी, शेतकऱ्याने नव्हे. आपलाच मुलगा शिकून येऊन गावात उपरा ठरला, तर पैसा व विद्या दोन्ही वाया जातील.