गणवेश आणि शाळेचे दार

गणवेशाच्या समर्थनार्थ नेहमी केला जाणारा युक्तिवाद समतेचा आहे आणि तो खोटा नाही. बागाईतदाराचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा एका बाकावर बसताना कापडावरून ओळखू येऊ नयेत, ही अपेक्षा समाजवाद्यांना मान्यच असली पाहिजे. परंतु गरिबाच्या मुलाला वर्गात निःसंकोच बसता यावे म्हणून असलेले हे साधन जेव्हा एखाद्या मुलीला वर्गाबाहेर काढण्यासाठी वापरले जाते, तेव्हा त्याचा हेतूच उलटा होतो. कर्नाटकात नेमके हेच घडले.

डिसेंबर २०२१ अखेरीस उडुपीच्या सरकारी कनिष्ठ महाविद्यालयात डोक्यावर रुमाल बांधलेल्या मुलींना वर्गात बसण्यास मनाई झाली. फेब्रुवारी २०२२ च्या आरंभी कुंदापूरला मुलींसमोर फाटक बंद करण्यात आले. प्रत्युत्तर म्हणून भगव्या शाली पांघरलेल्या विद्यार्थ्यांचे जमाव ठिकठिकाणी दिसू लागले. ५ फेब्रुवारीला शासनाने १९८३ च्या राज्य शिक्षण कायद्याचा आधार घेऊन आदेश काढला. कनिष्ठ महाविद्यालयांतील गणवेश विकास समितीने ठरवावा, असे त्यात म्हटले होते. या समितीचा अध्यक्ष स्थानिक आमदार असतो. म्हणजे मुलीने वर्गात काय घालावे, हा निर्णय निवडणुकीच्या राजकारणाच्या हाती गेला.

१५ मार्च २०२२ रोजी उच्च न्यायालयाने हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक आचार नसल्याचा निर्वाळा देऊन मुलींच्या याचिका फेटाळल्या. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी उचलून धरली, न्या. सुधांशू धुलिया यांनी ती रद्द ठरवताना मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न अग्रभागी ठेवला. न्या. धुलिया यांची दिशाच योग्य होती. कोणता आचार धर्माला अत्यावश्यक आहे हे ठरवत बसणे म्हणजे न्यायासनाला धर्मपीठ बनवणे होय. खरा प्रश्न एवढाच की, गणवेश पूर्ण घातलेल्या मुलीच्या डोक्यावर त्याच रंगाचा रुमाल असेल, तर शेजारच्या बाकावरील मुलाच्या शिक्षणात कोणता अडथळा येतो?

धर्मनिरपेक्षतेचे बंधन शाळेवर आहे, मुलाच्या देहावर नव्हे. राज्यघटनेचे २८ वे कलम संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देण्यास मनाई करते. विद्यार्थ्याने आपली श्रद्धा फाटकाबाहेर ठेवून यावे, असे ते कोठेही म्हणत नाही. केरळात १९८५ साली ख्रिस्ती पंथातील तीन मुलांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेतून काढण्यात आले होते. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. त्यामुळे राष्ट्र दुबळे झाले नाही.

पुरोगामी वर्तुळात येथे एक शंका हमखास घेतली जाते. पडदा हे स्त्रीदास्याचे चिन्ह आहे, मग त्याची पाठराखण समाजवाद्यांनी का करावी? शंका प्रामाणिक आहे आणि तिला टाळून चालणार नाही. हमीद दलवाई यांनी १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधानभवनावर नेला, तेव्हा जमातवादी पुढाऱ्यांशी वैर पत्करले होते. तो वारसा सोडून देण्याचा प्रश्नच नाही. पण त्या मोर्चात स्त्रिया आपले हक्क मागण्यासाठी स्वतः चालत होत्या. येथे मुलीचा हक्क काढून घेऊन तिला मुक्त केल्याचा देखावा केला जातो. घरातून रुमालाची सक्ती आणि फाटकावर तो काढण्याची सक्ती, या दोहोंत मुलीचे मत कोणीच विचारीत नाही. पहिल्या सक्तीविरुद्ध उभे राहण्याचे बळ तिला शिक्षणातून, स्वतःच्या कमाईतून येईल. दुसरी सक्ती तिला शिक्षणापासूनच तोडते आणि पहिलीच्या स्वाधीन करते. मुलींना घरी बसवू पाहणाऱ्या मुल्लाचे काम मग शासनच परस्पर करून टाकते.

हा प्रश्न कर्नाटकापुरता नाही. २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी, बिल्ले यांवर बंदी घातली. ती उच्च न्यायालयात टिकली. मात्र ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला अंशतः स्थगिती देताना, टिळा किंवा टिकलीवर बंदी का नाही, असा सवाल केला. पक्षपात कोठे असतो, हे त्या सवालाने उघड केले.

कार्यकर्त्यांचे काम यातून स्पष्ट होते. शाळा व्यवस्थापन समित्यांत बसून गणवेश स्वस्त, सुटसुटीत आणि कोणाचेही दार बंद न करणारा राहील हे पाहावे. शाळाच एखाद्या धर्माचे पूजापाठ करीत असेल, तर तेथे विरोध नोंदवावा. ज्या मुलींचे नाव पटावरून कमी झाले, त्यांच्या घरी जाऊन त्यांना परत आणावे, आणि त्याच घरात बापाला व भावाला हेही सांगावे की रुमाल बांधायचा की नाही हे मुलगी ठरवील. मोहल्ल्यात एक आणि सभेत दुसरे, असे बोलणे समाजवाद्यांना शोभणार नाही.