आग रामेश्वरी, वेबिनार सोमेश्वरी

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसात ‘मानसिक आरोग्य सप्ताह’ झाला. बुधवारी दुपारी १ वाजता ताण कसा हाताळावा यावर वेबिनार. त्याच रात्री रिलीज होता. कॅमेरा बंद ठेवून, एका कानात ‘दीर्घ श्वास घ्या’ ऐकत, डबा खात आम्ही बग फिक्स केले. उपस्थिती शंभर टक्के. एचआरने आभाराचा मेल टाकला.

वेबिनार घेणाऱ्या बाईंवर माझा राग नाही, त्या बिचाऱ्या चांगलं बोलत होत्या. पण यंत्राचा धोकादायक भाग झाकलेलाच हवा, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच लिहिलं होतं. कामगाराला ‘हात जरा लवचिक ठेवा’ असं त्यात कुठेही नव्हतं. सुरक्षेचा क्रम साधा आहे: आधी धोकाच काढा, नाही जमलं तर आडोसा करा, हेल्मेट सगळ्यात शेवटी. मनाच्या बाबतीत आपण थेट हेल्मेटपासून सुरू करतो, आणि तेही ज्याचं त्यानं आणायचं.

झेपणार नाही इतकं काम, नेमकं काय करायचं ते न सांगणं, लांबत जाणारे तास, दमदाटी हे सगळे कामाच्या जागेचे धोके आहेत. हे मी म्हणत नाही, आयएसओ ४५००३ हे २०२१ चं आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने मिळून दाखवलं, की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो. आमच्याकडे ५५ म्हणजे हलका आठवडा.

पण हे सिद्ध कसं करणार? आमचं टाइमशीट ९ च्या पुढचा आकडा घेतच नाही, चौकट लाल होते. पहाटे २ पर्यंत जे केलं ते कागदोपत्री घडलेलंच नसतं. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा तासांना दुप्पट दर आहे, हे वाचल्यावर ती लाल चौकट मला जरा जास्तच कळली. लाज याची वाटते, की ती आमच्यासारख्याच कुणीतरी कोड केली असणार.

सर्व्हर कोसळला की आम्ही अहवाल लिहितो. लोड किती होता, अलार्म का वाजला नाही, मूळ कारण काय. कुणा एकावर खापर फोडायचं नाही हा नियम. माझ्या शेजारी बसणारी मुलगी महिनाभर झोप न लागून राजीनामा देऊन गावी गेली. तिच्याबद्दल एक ओळ लिहिली गेली नाही. एक्झिट फॉर्मवर कारण होतं, ‘वैयक्तिक’.

‘पगार घेता ना?’ घेतो. कारखान्यातला कामगारही घेतो, म्हणून यंत्रावरची जाळी काढायची का?

टाइमशीटची ती मर्यादा काढा. रात्री ऑन-कॉल जागलेल्याला दुसरी सकाळ मोकळी द्या. माणूस सोडून गेला की सर्व्हरसारखाच त्याचाही अहवाल लिहा. वेबिनार त्यानंतर खुशाल ठेवा, फक्त दुपारी १ ला नको. तेव्हा आम्ही जेवतो.