सीमारेषेबाहेरचे पालक

अमेरिकेच्या संसदेने १९७२ साली शिक्षणविषयक कायद्यात एक दुरुस्ती केली आणि २३ जून रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी तिच्यावर स्वाक्षरी केली. ‘टायटल नाईन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तरतुदीचे मूळ वाक्य इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचे आहे आणि त्यात ‘खेळ’ हा शब्दसुद्धा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री-पुरुष असा भेदभाव करता येणार नाही, एवढेच ते सांगते. परंतु त्या एका वाक्याने तेथील मुलींचे क्रीडाविश्व पालटून टाकले. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या संघांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या तीन लाखांच्याही आत होती. आज ती तीस लाखांच्या पुढे आहे. हे परिवर्तन सर्वांत ठळकपणे कोठे पाहावयाचे असेल, तर ते विद्यापीठीय महिला फुटबॉलमध्ये पाहावे. अमेरिकन लोक या खेळाला ‘सॉकर’ म्हणतात.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांतील मुली आज हा खेळ खेळत आहेत. आमची कन्या त्यांपैकी एक. तिच्यामुळे गेली काही वर्षे आम्ही उभयता या खेळाच्या सीमारेषेवर उभे आहोत. तेथून जे दिसते ते जितके प्रेरणादायी आहे, तितकेच अंतर्मुख करणारेही आहे. भारतात मुलींच्या खेळाला आता कुठे प्रतिष्ठा मिळू लागली असताना या दोन्ही बाजू वाचकांसमोर मांडणे अगत्याचे वाटते.

विद्यापीठातून विश्वचषकाकडे

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १९७९ साली महिलांचा फुटबॉल संघ सुरू केला आणि अॅन्सन डॉरन्स यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. राष्ट्रीय आंतरविद्यापीठीय स्पर्धा सध्याच्या स्वरूपात १९८२ साली सुरू झाली. तेव्हापासून २०१२ पर्यंत या एकाच संघाने २१ अजिंक्यपदे मिळविली. १९८६ ते १९९४ ही नऊ वर्षे तर सलग. सरावातील प्रत्येक चुरशीची नोंद ठेवायची, तिचे गुण मांडायचे आणि प्रत्येक खेळाडूला आपण कोठे आहोत हे स्पष्ट दाखवायचे, ही डॉरन्स यांची पद्धत. ‘मुलींना एवढी तीव्र स्पर्धा झेपणार नाही’ हा समज त्यांनी मोडीत काढला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांच्याविना खेळणाऱ्या या संघाने वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० असे हरवून बाविसावे अजिंक्यपद पटकावले. प्रशिक्षक गेला तरी परंपरा टिकते, ती अशी.

१९९१ साली चीनमध्ये महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षकही डॉरन्सच होते. पुढे १० जुलै १९९९ रोजी कॅलिफोर्नियातील ‘रोझ बोल’ मैदानावर नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अमेरिकेने चीनवर मात केली, तेव्हा त्या संघातील मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली नॉर्थ कॅरोलायनाच्या, ज्युली फाउडी स्टॅनफर्डची, तर निर्णायक गोल करणारी ब्रँडी चॅस्टेन सांता क्लाराची विद्यार्थिनी होती. म्हणजे राष्ट्रीय संघ हा विद्यापीठांच्या मैदानांवर घडला. आज स्टॅनफर्ड, फ्लोरिडा स्टेट, यूसीएलए असे अनेक तुल्यबळ संघ आहेत आणि सर्वोच्च श्रेणीतच तीनशेहून अधिक विद्यापीठे मुलींचे संघ उतरवतात. स्त्रीशक्तीला संधी, शिस्त आणि साधने दिली की ती काय करू शकते, याचा हा वस्तुपाठ आहे. त्याचे मोकळेपणाने कौतुक करण्यात आपण कोठेही कमीपणा मानण्याचे कारण नाही.

शिष्यवृत्तीचे मृगजळ

परंतु या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती पालकांना अधिक जवळून दिसते. मुलगी चांगली खेळते असे दिसताच आठव्या-नवव्या वर्षी तिला एखाद्या क्लबात घालतात. क्लबचे शुल्क, गणवेश, विमानप्रवास, हॉटेलांचा खर्च हे सर्व मिळून दरवर्षी काही हजार डॉलर खर्च होतात. ‘पुढे शिष्यवृत्ती मिळेल’ हे त्यामागचे गणित. मराठी मध्यमवर्गीय मनाला हे गणित फार पटते. पण ते तपासून पाहिले पाहिजे.

२०२४-२५ पर्यंत सर्वोच्च श्रेणीतील महिला फुटबॉल संघाला जास्तीत जास्त १४ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. संघात मुली पंचवीस ते तीस. त्यामुळे प्रशिक्षक त्या चौदांचे तुकडे करून वाटत असत आणि बहुतेकींच्या वाट्याला अंशतः शिष्यवृत्ती किंवा काहीच नाही, अशी स्थिती होती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर ही मर्यादा उठली. परंतु ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत संघाचीच संख्या २८ वर बांधली गेली. आता शिष्यवृत्ती किती द्यायची हे ज्याच्या त्याच्या तिजोरीवर अवलंबून आहे आणि त्या तिजोरीवर पहिला हक्क पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलचा व बास्केटबॉलचा असतो.

निवडीची घाई ही आणखी एक गोष्ट. एके काळी तेरा-चौदा वर्षांच्या मुली विद्यापीठांना तोंडी होकार देऊन बसत. २०१९ पासून दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाने मुलीशी भरतीविषयी बोलू नये असा नियम झाला, हे चांगलेच. तरीही त्या १५ जूनच्या मध्यरात्री किती घरांत दिवे जळत असतात आणि मुली दूरध्वनीकडे पाहत बसलेल्या असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा खेळ उरला आहे का, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

शरीरही किंमत मोजते. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो. नीट उडी घेणे, नीट जमिनीवर येणे आणि मांडीचे स्नायू बळकट करणे असा पंधरा-वीस मिनिटांचा नियमित व्यायाम हा धोका बराच कमी करतो, हे सिद्ध झालेले आहे. पण सामन्यांची संख्या कोण कमी करणार? हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर, आठवड्यात बहुधा दोन सामने, एक गुरुवारी आणि एक रविवारी. २०२४ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या गटात खेळते, म्हणजे साध्या साखळी सामन्यासाठी मुलींनी अख्खे खंड ओलांडायचे आणि सोमवारी सकाळी वर्गात बसायचे. दूरचित्रवाणीच्या पैशाने आखलेल्या या नकाशात मुलींच्या अभ्यासाचा विचार कोणी केल्याचे दिसत नाही.

कुटुंब कोठे उभे असते?

अमेरिकेत कुटुंब उरलेच नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मैदानाच्या कडेला ते खोटे ठरते. सात-आठ तास गाडी चालवून आलेले आईवडील, सोबत आजी-आजोबा, सामना संपल्यावर वाहनतळावर मांडलेली जेवणाची टेबले आणि हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्या मुलींना सारख्याच मायेने वाढणाऱ्या माता. हे दृश्य पाहिले की एखाद्या उत्सवातील पंगतीची आठवण होते. शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंचा निरोप समारंभ असतो. त्या दिवशी मुलगी आईवडिलांचा हात धरून मैदानात येते, हातात फुले असतात आणि ध्वनिक्षेपकावरून तिघांची नावे पुकारली जातात.

मात्र चार वर्षांत पालकांना मैदानावर पाऊल ठेवता येते ते एवढेच. एरवी त्यांचे स्थान सीमारेषेच्या बाहेर. खेळाच्या बाबतीत ते योग्यच आहे. संघात कोणाला घ्यावे हे पालकांनी ठरवू नये. परंतु हाच न्याय मुलीच्या सुख-दुःखालाही लावला जातो. १९७४ च्या एका संघीय कायद्यानुसार विद्यार्थी महाविद्यालयात गेला की त्याच्या नोंदींवरचा पालकांचा अधिकार संपतो आणि तो विद्यार्थ्याकडे जातो. आणीबाणीचे अपवाद कायद्यात आहेत, पण संस्थांचा कल मौनाकडे असतो. आमच्या कन्येचा गुडघा सरावात दुखावला, तेव्हा आम्हांस ते तिच्या संघसहकारिणीच्या आईकडून कळले. विद्यापीठाकडून एक ओळही आली नाही. शुल्काचे देयक मात्र वेळेवर आले.

केटी मेयर ही स्टॅनफर्डची गोलरक्षक आणि संघनायिका. २०१९ च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध पेनल्टीच्या निर्णायक फेरीत तिने दोन फटके अडविले आणि अजिंक्यपद खेचून आणले. मार्च २०२२ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तिने जीवनयात्रा संपविली. तिच्यावर विद्यापीठात शिस्तभंगाची कारवाई सुरू होती. तिच्या आईवडिलांनी पुढे ‘केटीज सेव्ह’ नावाचा उपक्रम सुरू केला. मागणी साधी आहे. विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळीच आपल्या विश्वासातील एका व्यक्तीचे नाव द्यावे आणि इजा, आजार किंवा शिस्तभंगाची कारवाई झाल्यास विद्यापीठाने त्या व्यक्तीला कळवावे. एका मृत्यूचे कारण एका वाक्यात सांगण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु मुलगी संकटात असताना घरच्या माणसाला कळावे, एवढ्या गोष्टीसाठी आईवडिलांना चळवळ उभारावी लागते, हे कोणत्याही समाजाला विचारात पाडणारे आहे. व्यक्तिस्वातंत्र्याची परिसीमा एकाकीपणात होत असेल, तर त्या स्वातंत्र्याची मांडणी पुन्हा तपासली पाहिजे.

रविवारचा पेच

अमेरिकेतील हिंदू कुटुंबांपुढे आणखी एक पेच असतो. क्लबचे सामने शनिवार-रविवारी आणि बालगोकुलमही त्याच दिवशी. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की एकीकडे श्लोक, खेळ, गोष्टी आणि दुसरीकडे स्पर्धेचे वेळापत्रक, अशी ओढाताण सुरू होते. बहुतेक घरांत वेळापत्रक जिंकते. ‘मुलींना संस्कारांपासून तोडणारा खेळ’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. वेळेवर उठणे, दहाव्या मिनिटाला पडल्यावर अकराव्या मिनिटाला धावणे, आपल्या जागी दुसरी उतरली तर बाकावरून तिच्यासाठी टाळ्या वाजविणे, हेही संस्कारच आहेत. गरज आहे ती कार्यकर्त्यांनी वेळा लवचीक ठेवण्याची, आठवड्यातील एखादी संध्याकाळ खेळाडू मुलींसाठी काढण्याची आणि त्या शाखेत येतील तेव्हा त्यांच्याकडूनच लहान मुलांचे खेळ घेण्याची.

येथे एक फरक नोंदविण्याजोगा आहे. शाखेतील खेळाला प्रेक्षक नसतात. आलेला प्रत्येक जण खेळतो, गुण मोजले जातात आणि दुसऱ्या दिवशी विसरले जातात. क्लबच्या मैदानावर बावीस मुली खेळतात आणि शे-पन्नास पालक प्रत्येक चुकीचा हिशेब ठेवतात. मुलीने परतीच्या प्रवासात गाडीत काय ऐकायचे, हे त्या हिशेबावर ठरते. पालकांनी सामन्याचे विश्लेषण प्रशिक्षकावर सोडावे आणि ‘भूक लागली का?’ एवढेच विचारावे. घर हे गुणफलकाविना असलेले एकमेव ठिकाण आहे. ते तसेच राहिले पाहिजे.

आपण काय घ्यावे?

भारतात वारे बदलत आहेत. जुलै २०२५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ असे नमवून २०२६ च्या आशियाई चषक स्पर्धेत स्थान मिळविले. पात्रता फेरी खेळून हे यश प्रथमच आले. त्याच वर्षी खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आणि क्रिकेटच्या विश्वचषकात नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय मुली जगज्जेत्या ठरल्या. २०२० पासून ‘खेलो इंडिया’च्या आंतरविद्यापीठीय स्पर्धाही सुरू झाल्या आहेत. वंदनीय लक्ष्मीबाई केळकर तथा मावशींनी १९३६ साली वर्ध्यात राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली, तेव्हा मुलींच्या शारीरिक शिक्षणाला त्यांनी आग्रहाचे स्थान दिले होते. शक्तीची उपासना करणाऱ्या समाजाला मुलींचे मैदान परके नाही. मधल्या काळात त्याचा विसर पडला होता, इतकेच.

म्हणून अमेरिकेकडून घ्यायचे ते ठामपणे घ्यावे. मुलींच्या खेळाला कायद्याचे पाठबळ, विद्यापीठाच्या आवारात उत्तम मैदान, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि पदवीशी जोडलेला खेळ, या गोष्टी आपल्या प्रत्येक विद्यापीठात आल्या पाहिजेत. आपल्या महाविद्यालयांतील ‘जिमखाना’ नावाची कुलूपबंद खोली उघडली पाहिजे. पण घ्यायचे नाही तेही तितक्याच ठामपणे नाकारावे. खेळाडू मुलगी ही संस्थेची मालमत्ता नव्हे आणि तिचे कुटुंब म्हणजे केवळ शुल्क भरणारे खाते नव्हे. खेडोपाड्यांतून क्रीडा प्रबोधिन्यांत आणि वसतिगृहांत राहायला आलेल्या मुलींच्या पालकांना संस्थांनी दर सत्रात बोलावून घ्यावे, इजा झाल्यास त्याच दिवशी कळवावे, आणि जेथे पालक येऊ शकत नाहीत तेथे स्थानिक कार्यकर्त्या भगिनींनी त्या मुलींची मावशी, आत्या व्हावे. यासाठी कोणत्याही अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

पालकांनी मैदानात उतरू नये, हे खरे. पण मुलगी मैदानातून बाहेर येईल त्या क्षणी सीमारेषेवर आपले माणूस उभे असले पाहिजे. सामन्याचा निकाल काहीही लागो, तिला घर आहे याची खात्री तिला असली पाहिजे. मैदाने, प्रशिक्षक आणि शिष्यवृत्त्या पैशाने उभ्या करता येतात. ही खात्री मात्र ज्याच्या त्याच्या घरातच घडवावी लागते.