पंखा फिरतो याचा पुरावा काय?

ग्राइंडर किंवा लाकडाची करवत सुरू करण्यापूर्वी धूळ ओढणारा पंखा चालू हवा, हे वर्कशॉपातील कामगाराला शिकवावे लागत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १४ नेही धूळ जेथे उठते तेथूनच ती ओढून घेण्याचे बंधन घातले होते. पण पंखा खरोखर चालू आहे, हे ग्राइंडरला कळावे कसे?

प्रचलित पद्धत अशी की पंख्याच्या काँटॅक्टरवरील जादा काँटॅक्ट ग्राइंडरच्या स्टार्टरला जोडायचा. आता, काँटॅक्टर ओढला गेला याचा अर्थ हुकूम सुटला, एवढाच. पुढे केबल तुटली असेल तर पंखा जागचा हलत नाही, ग्राइंडर मात्र खुशाल सुरू होतो. म्हणून मोटरच्या तारेभोवती करंट ट्रान्सफॉर्मरचे कडे घालून प्रत्यक्ष प्रवाह तपासावा आणि त्यावर चालणाऱ्या रिलेनेच परवानगी द्यावी. सिग्नल खात्यातील बंधूंना यात नवल नाही. दिव्यातून प्रवाह जातो की नाही हे त्यांचा ईसीआर रिले सांगतो, आणि तांबडा दिवा गेला तर मागचा सिग्नल तांबडा होतो. गाडीसाठी जी दक्षता, ती कामगाराच्या फुप्फुसासाठी का नको?

मात्र रिले बसवला की काम संपले, असे व्यवस्थापनाने समजू नये. पंख्याचा पट्टा तुटला तरी मोटर रिकामी फिरतच राहते आणि बराच प्रवाह घेते. समजा, भारावर ९ अँपिअर घेणारी मोटर रिकामी असताना ४ घेते. रिले १ अँपिअरवर लावून ठेवला तर तो ‘पंखा चालू’ अशी खोटी साक्ष देणार. तो या दोन आकड्यांच्या मध्येच लावला पाहिजे, आणि त्यासाठी जागेवर मोजमाप हवे. कंत्राटदाराने घाईत फिरवलेला स्क्रू चालणार नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. प्रवाह शून्य म्हणजे यंत्र थांबले, असे मुळीच नाही. वीज गेल्यावरही ग्राइंडरचे चाक फिरत राहते. शिवाय सेन्सरची तार तुटली तरी रिले शून्यच दाखवणार. ‘चालू आहे’ या पुराव्यात असा बिघाड झाला तर काम अडते, माणूस वाचतो. ‘थांबले आहे’ या पुराव्यात झाला तर हात जातो. टपालाच्या पार्सल केंद्रात पट्ट्यात अडकलेली थैली काढताना अशा दिव्यावर विसंबू नये. मेन स्विच बंद करून कुलूप लावावे आणि किल्ली आपल्या खिशात ठेवावी.

उत्पादन अडले की इंटरलॉकला जंपर मारायचा हुकूम तोंडी येतो, अपघात झाल्यावर चौकशी मात्र लेखी होते. तेव्हा शाखांनी पुढील बैठकीत मागणी मांडावी: जंपरचा हुकूम लेखी आणि सहीनिशी हवा, दरमहा युनियन प्रतिनिधीसमोर पंखा बंद ठेवून ग्राइंडरचे बटण दाबून पाहावे, आणि ग्राइंडर सुरू झाला तर दुरुस्ती होईपर्यंत त्यावर काम घेऊ नये.