धरणालाही मुदत हवी

१६ ऑक्टोबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात, क्लॅमथ नदीला मिळणाऱ्या स्पेन्सर नावाच्या ओढ्यात, मत्स्य विभागाच्या जीवशास्त्रज्ञांना एक चिनूक सामन मासा सापडला. समुद्र तिथून साडेतीनशे किलोमीटरहून लांब आहे. १९१२ नंतर पहिल्यांदाच सामन एवढ्या वर आला होता. मधल्या काळात त्याच्या वाटेत एकामागून एक चार धरणं उभी राहिली होती, आणि ती काढून तेव्हा जेमतेम काही आठवडे झाले होते.

मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. जन्म पंचगंगेकाठच्या भोई कुटुंबातला. वडिलांनी नदीत जाळं टाकून घर चालवलं, मी नदीवरच्या बंधाऱ्यांची अंदाजपत्रकं करून चालवलं. अडवलेल्या पाण्यावर ज्याचा ऊस उभा राहिला तो शेतकरी आणि त्याच पाण्यापायी ज्यानं जाळं गुंडाळून ठेवलं तो मासेमार, ही दोन्ही माणसं माझी आहेत. या दोघांना समोर ठेवूनच सांगतो: प्रत्येक धरणाला मुदत असावी. मुदत संपली की त्याचा नफा-तोटा कोऱ्या कागदावर नव्याने मांडावा, आणि त्या कागदावर माशाला व मासेमाराला स्वतंत्र रकाना असावा.

क्लॅमथवर जे घडलं ते याच वाटेनं घडलं. ही नदी एके काळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची सामनची तिसऱ्या क्रमांकाची नदी होती. सामन गोड्या पाण्यात, ओढ्याच्या गोट्या-वाळूत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि काही वर्षांनी अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतो. अंडी घालून झाली की चिनूक तिथेच मरतो. त्याचं शरीर ओढ्याला, काठच्या झाडांना, अस्वलांना पोसतं. युरोक, कारूक, हूपा आणि क्लॅमथ या आदिवासी समाजांचं जेवण, सण आणि कमाई या माशावर चालत होती. १९१८ मध्ये कॉप्को क्रमांक १ हे धरण पूर्ण झालं, १९२५ मध्ये कॉप्को क्रमांक २, १९५८ मध्ये जे. सी. बॉइल आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आयर्न गेट. शेवटच्या धरणाची उंची ५० मीटरहून जास्त होती आणि माशाला वर चढायला जिना नव्हता. त्याच्या बदल्यात धरणाखाली मत्स्यबीज केंद्र उभारलं गेलं. नदीचा वरचा भाग सामनसाठी बंद झाला तो झालाच.

ही चारही धरणं विजेसाठी होती. सगळी मिळून क्षमता सुमारे १६३ मेगावॉट, म्हणजे मालक असलेल्या पॅसिफिकॉर्प कंपनीच्या एकूण उत्पादनाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. शेतीला पाणी त्यांतून जात नव्हतं. ते वरच्या अंगाच्या दोन बांधांवरून आणि अप्पर क्लॅमथ सरोवरातून जातं, आणि ते बांध आजही जागेवर आहेत. आपल्याकडे ‘अमेरिकेत धरणं पाडली’ एवढंच ऐकून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

मग एका खासगी कंपनीनं आपली चालू धरणं का सोडली? अमेरिकेत बिगरसरकारी जलविद्युत प्रकल्पाला संघीय ऊर्जा नियामक आयोगाचा परवाना लागतो आणि तो साधारण ३० ते ५० वर्षांचा असतो. मुदत संपली की पहिल्यापासून सुनावणी होते. १९८६ मध्ये तिथल्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवाना देताना विजेइतकाच विचार मासे व वन्यजीवांचाही करावा, असं आयोगावर बंधन आलं. क्लॅमथच्या प्रकल्पाचा परवाना २००६ मध्ये संपला. नवा हवा असेल तर माशांसाठी मार्ग बांधा, पाण्याची प्रत सुधारा, अशा अटी पुढे आल्या. तो खर्च आणि जुन्या जनित्रांतून मिळणारी वीज यांचा मेळ बसेना. आदिवासी समाजांनी अनेक वर्षं भागधारकांच्या सभांपर्यंत जाऊन लावून धरलेल्या मागणीला तेव्हा आकड्यांचं बळ मिळालं. २०१० मध्ये करार झाला, २०१६ मध्ये सुधारला गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाची अंतिम मंजुरी आली. सुमारे ४५ कोटी डॉलरची तरतूद झाली. त्यातले २० कोटी वीजग्राहकांकडून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या जलरोख्यांतून.

मुदत संपण्याचा तो एक दिवस नसता, तर आदिवासींचं म्हणणं कुणाला ऐकून घ्यावंच लागलं नसतं. हीच व्यवस्था १९९९ मध्ये मेन राज्यातल्या केनेबेक नदीवर उपयोगी पडली. एडवर्ड्स हे १८३७ सालचं धरण अवघी साडेतीन मेगावॉट वीज देत होतं. आयोगानं मालकाच्या इच्छेविरुद्ध परवाना नाकारला, धरण गेलं आणि समुद्रातून चढणारे मासे पुन्हा लाखांनी वर जाऊ लागले. जपानमध्ये कुमा नदीवरचं आरासे धरण २०१२ ते २०१८ या काळात काढलं गेलं. तिथेही पाणीवापराच्या हक्काची मुदत संपण्याचा प्रश्न होता आणि काठच्या लोकांना आयू मासा परत हवा होता.

धरण काढण्याची किंमतही सांगितली पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये क्लॅमथचे जलाशय रिकामे करायला घेतले तेव्हा दशकांचा गाळ एकदम खाली आला आणि नदी कित्येक आठवडे चिखलासारखी वाहिली. फेब्रुवारीच्या अखेरीस सोडलेली चिनूकची सुमारे ८ लाख ३० हजार पिलं आयर्न गेटच्या बोगद्यातून जाताना दाबातल्या फरकानं मेली. त्यानंतर पिलं धरणाच्या खाली सोडायचं ठरलं. कॉप्को तळ्याच्या काठी ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घरं बांधली होती, त्यांच्यासमोर पाण्याऐवजी भेगाळलेला गाळ उरला. त्या जिल्ह्यातल्या बहुसंख्य लोकांचा या कामाला विरोधच होता. तळं गेल्याचं त्यांचं दुःख खरं आहे, आणि ज्यांचं तळ्यापायी आधी सगळं गेलं त्यांचंही खरं आहे.

मासे परत आले म्हणजे मासेमारी परत आली, असंही नाही. कॅलिफोर्नियाच्या समुद्रातली व्यावसायिक सामन मासेमारी २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं बंद राहिली. कारण धरणांसोबत दुष्काळ, तापलेलं पाणी आणि बिघडलेला समुद्रही आहे. धरण काढल्यानं वाट मोकळी होते. ती चालायला मासा शिल्लक हवा, आणि नदीत पुरेसं, थंड, स्वच्छ पाणी हवं. हे क्लॅमथला चांगलं ठाऊक आहे. २००१ च्या दुष्काळात माशांसाठी शेतकऱ्यांचं पाणी तोडलं गेलं, तर सप्टेंबर २००२ मध्ये कमी प्रवाह, कोमट पाणी आणि रोग यांनी खालच्या भागात किमान ३४ हजार मासे मेले. दोन वर्षांत दोन्ही बाजू होरपळल्या. पुढे एकाच टेबलाशी बसायची तयारी झाली, त्यामागे ही होरपळ होती.

प्रत्येक धरणाचं उत्तर एकच असेल, असं मी मुळीच म्हणत नाही. अमेरिकेतल्याच स्नेक नदीच्या खालच्या टप्प्यातली चार धरणं बघा. १९६० ते १९७५ च्या दरम्यान उभी राहिलेली, सुमारे तीन हजार मेगावॉट क्षमतेची. त्यांच्या साखळीमुळे आतल्या लुइस्टन शहरापर्यंत गव्हाचे बार्ज ये-जा करतात आणि त्यांना माशांचे जिनेही आहेत. तरीही सामन घटतोच आहे आणि आदिवासी समाज ती धरणं फोडा म्हणताहेत. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं त्यांच्याशी एक समझोता केला, जून २०२५ मध्ये पुढच्या सरकारनं त्यातून अंग काढून घेतलं. इथे शेतकरी, वीजग्राहक आणि मासेमार या तिघांचंही पारडं जड आहे. पण वाद आकडे समोर ठेवून, उघड चालला आहे, आणि मला तेवढंच आपल्याकडे हवं आहे.

देशात सर्वाधिक मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून जास्त. खडकवासला १८७९ चं, भंडारदरा १९२६ चं. यातलं कुठलंही पाडा असं म्हणणारा माणूस पुण्याला किंवा नगरला पाणी कुठून मिळतं हे विसरला आहे. पण आपल्या सरकारी सिंचन प्रकल्पांना मुदतच नाही. एकदा बांधलं की ते कशासाठी बांधलं होतं, तेवढं काम अजून करतं का, आणि त्यापायी कुणाचं काय गेलं, हे विचारण्याचा दिवस कधी उजाडत नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आला, पावसाळ्यापूर्वी आणि नंतरची पाहणी बंधनकारक झाली. गरज होतीच, २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटून वाडी वाहून गेली, ते कुणी विसरू नये. पण त्या कायद्याचा भर भिंत शाबूत आहे का यावर आहे. भिंतीखालची नदी शाबूत आहे का, हे कुणी पाहायचं?

मासे चढतात हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. मृगाचा पाऊस झाला, तांबडं पाणी आलं की चढणीचे मासे ओढ्यांतून भातखाचरापर्यंत येतात, हे कोकणातलं पोर सांगेल. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यांत खडस म्हणजे महसीर आहे आणि अहिरही आहे. अहिर हा सापासारखा लांब मासा सामनच्या उलटा: जन्म समुद्रात, वाढ नदीत. बंगालच्या उपसागरातून कृष्णेच्या पाण्यानं दख्खनपर्यंत येणाऱ्या या माशाच्या वाटेत आज नागार्जुनसागर, श्रीशैलम, आलमट्टी उभी आहेत. १९७५ मध्ये फराक्का बंधारा होण्यापूर्वी हिलसा गंगेतून अलाहाबादच्याही पुढे जायचा. वडील अहिराचं नाव घ्यायचे ते त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं म्हणून. माझ्या पिढीतल्या भोयांच्या जाळ्यात मुख्यतः चिलापी आली. साचलेल्या आणि घाण पाण्यात तीच तगते.

आमच्या भागातला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा मला म्हणूनच मोलाचा वाटतो. दगडी खांबांच्या खाचांत बर्गे म्हणजे आडव्या फळ्या बसवायच्या, पाणी अडवायचं, आणि पावसाळ्याआधी ते काढून नदी मोकळी करायची. पुराला वाट मिळावी म्हणून ही रचना झाली, पण नेमक्या चढणीच्या दिवसांत माशालाही वाट मिळते. बर्गे वेळेवर निघाले तर. गंजून खाचेत अडकलेले, गाळात रुतलेले, चोरीला गेलेले बर्गे मी पुष्कळ पाहिले आहेत. आणि उन्हाळ्यात पंचगंगेच्या बंधाऱ्यांमागे सांडपाणी साचून मेलेल्या माशांचा खच पडतो, ही बातमी या जिल्ह्याला नवी नाही. त्या दिवशी सगळ्यात आधी भोई नदीवर पोचतो, आणि त्याच्या नुकसानीचा पंचनामा सहसा होत नाही.

म्हणून माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, पन्नास वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येक धरणाची आणि बंधाऱ्याची जाहीर सुनावणी व्हावी: प्रत्यक्ष सिंचन किती, गाळ किती, दुरुस्तीवर खर्च किती, खाली नदी कशी आहे. दुसरी, त्याआधी नदीतल्या माशांची मोजदाद व्हावी आणि ती भोई, कोळी आणि काठच्या आदिवासी लोकांना मानधन देऊन, त्यांना सोबत घेऊन व्हावी. कुठला मासा कुठवर चढायचा हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही, आणि माहीत असणारी पिढी म्हातारी होत चालली आहे. तिसरी, बर्गे काढण्याची तारीख पाऊस आणि चढण बघून ठरावी, आणि ज्या बंधाऱ्याच्या खांबांत वर्षानुवर्षं बर्गे पडलेच नाहीत, ज्याच्या पाण्यावर एक गुंठाही भिजत नाही, असा एखादा बंधारा प्रयोग म्हणून पूर्ण काढावा. काढण्याआधी आणि नंतर मासे मोजावेत, आकडे गावाच्या चावडीवर लावावेत.

खात्यातले मित्र म्हणतील, एकदा हे दार उघडलं की उद्या प्रत्येक धरणावर बोट ठेवलं जाईल. ठेवू द्या. ज्याचा हिशेब चोख आहे ते धरण सुनावणीतून अधिक भक्कम होऊन बाहेर येईल, आणि आपली बहुतेक मोठी धरणं तशीच येतील याची मला खात्री आहे. भंडारदरा उभंच राहील, आणि ते राहावंच. पण धरण बांधताना आमच्या भोयांना कुणी विचारलं नव्हतं. ते ठेवायचं की काढायचं हे ठरवताना तरी विचारलं जावं. त्यासाठी सरकारला एक भिंतही पाडावी लागत नाही. फक्त मुदतीची तारीख लिहावी लागते.